कानशीचा वस्तरा

हिंदीत माकडाच्या हाती उस्तरा येतो, मराठीत त्याच माकडाच्या हाती कोलीत. घरी वस्तरा बनवायला बसलेल्या माणसाच्या हाती आधी कोलीत येतं आणि मग वस्तरा, त्यामुळे त्याला माकड म्हणायची सोय दोन्ही भाषांनी करून ठेवलेली आहे. :-)

तर मंडळी, मी नगरला सावेडीत राहतो आणि रिकाम्या वेळात गच्चीवर वस्तरे बनवतो. (नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर. एस.टी.त बसलेला माणूस अजूनही 'एक नगर द्या' असंच म्हणतो.) आजवर सात झाले. हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कशाला?" आणि दुसरा, "विकतोस का?" पहिल्याला 'हौस' एवढं उत्तर पुरतं. दुसरा मात्र डोक्यात राहतो. त्यावर माझं एक मत झालेलं आहे, ते पुष्कळांना आवडत नाही, आणि तेच आज लिहायचंय. पण वस्तरा होतो कसा हे सांगितल्याशिवाय त्या मताला बूड येणार नाही. म्हणून आधी ते.

लागते ती जुनी कानस. चांगली कानस साधारण १ ते सव्वा टक्का कार्बन असलेल्या पोलादाची असते. एक टक्का म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण सगळी मेख तिथेच आहे. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. ती कितीही तापवा, कितीही वेळा बुडवा, दाढीची धार धरण्याइतकी कडक ती होत नाही. ट्रकच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. त्याचा उत्तम कोयता होतो, उत्तम कुऱ्हाड होते, कारण तिथे दणका सोसायचा असतो. वस्तऱ्याला दणका सोसायचाच नसतो, त्याला फक्त बारीक राहायचं असतं. म्हणून कानस, नाहीतर बेअरिंगचं पोलाद. नागापूरच्या एमआयडीसीच्या कृपेने आमच्या भंगारवाल्यांकडे दोन्हीचा तोटा नाही. फक्त पारखून घ्यावं लागतं, कारण काही स्वस्त कानशी वरून कडक आणि आतून भोपळा असतात. ग्राइंडरवर दात उडवून थोडं आत जायचं आणि ठिणग्या बघायच्या. कार्बन भरपूर असेल तर ठिणगी लांब पळत नाही, जवळच फुटते आणि तिला फाटे फुटतात, फुलबाजीसारखे. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांबलचक, सरळ, बिनफुलाच्या.

कानस आहे तशी कापता येत नाही, ती करवतीलाच खाऊन टाकते. म्हणून आधी तिचा कडकपणा काढायचा. लालभडक करायची आणि राखेच्या डब्यात पुरून रात्रभर विसरायची. सकाळी तीच कानस दुसऱ्या कानशीने निमूट घासून घेते. लोखंडाचा हा स्वभाव मला फार आवडतो. पुन्हा तापवलं की मागचं सगळं विसरायला ते तयार असतं.

मग आकार. इथे सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे वस्तऱ्याची पाठ. पाठ जाड आणि धार पातळ एवढं सगळ्यांना दिसतं. पण ती जाडी वजनासाठी नसते. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकवून, पातं आडवं झोपवून ओढतात. म्हणजे धारेचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने कायमचा ठरवून दिलेला असतो. पातं १९ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल तर कोन येतो साडेसोळा अंशांच्या आसपास. पाठ अर्धा मिलिमीटर जास्त घासली की कोन बदलला. आणि वर्षानुवर्षं दगडावर घासून धार जशी मागे सरते तशी पाठही झिजते, त्यामुळे कोन जवळजवळ तोच राहतो. झिजण्याचा हिशेब आधीच धरून केलेली अशी वस्तू आता घरात दुसरी कुठली आहे सांगा. (पाटा-वरवंटा म्हणणार असाल तर तो झिजला की टाकी घालावी लागते.)

धारेच्या बाजूला अर्धा मिलिमीटर जाडी राखून थांबायचं, खिळीचं भोक आत्ताच पाडून घ्यायचं आणि मग ते काम, ज्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे: पाणी देणे. पोलादाला पाणी देतात. माणसालाही पाणीदार म्हणतात ते इथूनच आलं असावं असं आपलं मला वाटतं. पाणी देणं म्हणजे तापवून एकदम थंड करणं. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या जवळ जातं, म्हणून चुंबक लटकावून ठेवायचा. पातं चिकटेनासं झालं की अजून थोडंसं, ८०० च्या जवळ, आणि मग बुडवायचं. दिवसाउजेडी रंग कळत नाही. लोहाराची भट्टी अंधाऱ्या छपरात असते त्याचं कारण केवळ गरिबी नव्हे. मी संध्याकाळी दिवे लागल्यावर करतो. माझी भट्टी म्हणजे विटांचं खोकं आणि लोणारी कोळसा, आणि भाता म्हणजे केस वाळवायचा ड्रायर. पाणी म्हणतात खरं, पण एवढं पातळ पातं खऱ्या पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती फार. म्हणून कोमट केलेलं शेंगदाण्याचं तेल. पातं सरळ, धार खाली, एका दमात. वाकडं गेलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं केळीच्या पानासारखं वळतं.

बाहेर निघालेलं पातं काचेसारखं असतं. कानस त्याच्यावरून घसरते, आणि फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच त्याला थोडं उतरवावं लागतं. ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ज्या ओव्हनमध्ये दिवाळीची नानकटाई होते त्यातच. (यावर घरात झालेल्या चर्चेचा वृत्तांत इथे देत नाही.) घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला की काम झालं. तपकिरी झालं तर जास्त उतरलं, निळं झालं तर ते स्प्रिंगला ठीक, वस्तऱ्याला नाही. यानंतरचं सगळं घासकाम बोटाला चटका बसणार नाही एवढ्याच बेताने, सारखं पाण्यात बुडवत करायचं. बोटाला सोसेना म्हणजे पोलादालाही सोसणार नाही, असा साधा हिशेब.

या पोलादाच्या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. १७९४ साली मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथल्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यातल्या एका तुकड्याचा जेम्स स्टोडार्ट नावाच्या हत्यारं बनवणाऱ्याने चाकू घडवून पाहिला आणि तो त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेने, होय, तोच विजेवाला फॅरेडे, १८२० च्या सुमारास पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले आणि त्या पोलादाचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले. आपल्याकडच्या पोलादाचं कोडं सोडवता सोडवता एवढा मोठा शास्त्रज्ञ वस्तरे वाटत होता! आणि ज्यांनी ते पोलाद मुळात केलं त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या कागदांत नाही. याच्यावर पुढे येतो.

शेवटी दगड. १००० नंबरचा, मग ४०००, मग ८०००. मग चामड्याचा पट्टा, त्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पन्नास-साठ हात. पट्ट्यावर वस्तरा नेमका उलट्या दिशेने ओढायचा, नाहीतर पट्टाच चिरला जातो. चांगल्या धारेची जाडी मायक्रॉनच्याही आत असते आणि दाढीचा केस शंभर मायक्रॉनच्या आसपास. आता गंमत बघा, केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ, तरी धार केसानेच जाते. २०२० साली अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजून बोथट होत नाही. केस वाकला आणि त्याच जागी पोलादाची घडण थोडी असमान असली की तिथून बारीक टवका उडतो. म्हणजे केस ताठ नको आणि वाकायलाही नको. दोन-तीन मिनिटं पाण्याने भिजला की तो मऊ होतो आणि सहज तुटतो. हे वाचलं तेव्हा मला गावातला न्हावी आठवला. साबण नाही, फेस नाही. वाटीत पाणी, आणि पाच मिनिटं गालावर पंजाने नुसतं चोळणं. लहानपणी वाटायचं, साबणाला पैसे नाहीत म्हणून चोळतोय. 'बिनपाण्याने करणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे तिला केसाचं हे विज्ञान पूर्वीच कळलेलं होतं म्हणायला हरकत नाही.

असो. आता मुद्द्याकडे.

वर जे काही मी सांगितलं, त्यातली ठिणगीची परीक्षा, अंधारात रंग ओळखणं, राखेत पुरणं, बेताने उतरवणं, हे मी पुस्तकांत वाचलं आणि चलचित्रांत पाहिलं. पण ते कळलं मात्र पाथर्डी रस्त्याला बसलेल्या एका लोहारमामांपाशी. ते घिसाडी. आमच्याकडे गाडीलोहारही म्हणतात. सरकारी यादीत भटक्या जमाती. रस्त्याच्या कडेला पाल, जमिनीत रोवलेली ऐरण, हाताने फिरवायचा पंखा. मामा सांडशीत लोखंड धरून बसतात आणि छोट्या हातोडीने जागा दाखवतात, त्या जागेवर घण घालतात त्या मामी. हे दृश्य नगर जिल्ह्यात कुणी पाहिलं नाही असं होणार नाही. 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातलं लोहार जोडपं आपल्याला आठवतं, त्यातलं गाणंही ओठांवर असतं. रस्त्याकडेची मामी मात्र आपल्याला गाडीच्या काचेतून तेवढी दिसते.

हातावरचं कसब बघायचं असेल तर दसऱ्याच्या आधी जावं. पाथर्डी, शेवगाव भागातून ऊसतोडीला माणसं निघायची असतात. कारखान्यांचा जिल्हा आमचा, १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हापासून ऊस आणि कोयता इथे सोबतच वाढले. हंगामाच्या तोंडावर मामांकडे कोयत्यांचा ढीग असतो. नवे करायचे, जुने शेवटायचे. शेवटणं म्हणजे झिजलेलं तोंड पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन धारेला आणणं. शब्दकोशात सापडो न सापडो, शेतकऱ्याच्या तोंडी असतो. मी एकदा अडीच तास बसून पाहिलं. मामांकडे चुंबक नाही, तापमापक नाही, ओव्हन नाही. कोयता लाल झाला की तोंड तेवढं पाण्यात बुडवायचं, काढायचं, वाळूवर एक घासा मारायचा आणि बघत राहायचं. मागच्या भागात उरलेली उष्णता हळूहळू तोंडाकडे सरकते आणि चकचकीत जागेवर पिवळा, मग तपकिरी रंग येतो. हवा तो रंग धारेपाशी पोचला की पुन्हा पाण्यात. संपलं. मी चार तास ओव्हनमध्ये जे करतो ते मामा मिनिटाभरात करतात, एकाच तापात कडक करणं आणि उतरवणं दोन्ही. आणि ढिगातल्या प्रत्येक कोयत्याला.

त्याचे त्यांना किती मिळतात? समोरचा माणूस घासाघीस करून जेवढे देईल तेवढे. मी तिथे बसलो असताना मोटारीतून उतरलेल्या एका गृहस्थांनी विळीच्या धारेसाठी दहा रुपयांवरून पाच मिनिटं हुज्जत घातली. उन्हात. मामी घण टेकवून उभ्या होत्या.

आता दुसरं चित्र. माझा तिसरा वस्तरा मी एका घरगुती समारंभात सहज दाखवला. शिसवी मूठ, पितळी खिळी, दिसायला बरा. हातोहात फिरला. "काय क्राफ्ट आहे!" "आपली परंपरा जपतोयस हो तू!" "याचे परदेशात दहा-पंधरा हजार मिळतील." गृहस्थ सगळे सुशिक्षित, सज्जन. त्यांपैकी कुणाच्याही घरी लोहाराला वा न्हाव्याला आत बोलावून पाणी दिल्याची आठवण असेल असं वाटत नाही. माझ्याही घरी नव्हती.

हेच माझं मत, जे लोकांना कडू लागतं. विस्तव तोच, ऐरण तीच, पोलादही तेच. गच्चीवर पेटवला की तो छंद, रस्त्याच्या कडेला पेटवला की ते अतिक्रमण. माझ्या हातावर घट्टे पडले तर ते कौतुकाने दाखवायची वस्तू, मामींच्या हातावरच्या घट्ट्यांकडे कोण बघतो. या कामाला आपल्याकडे किंमत नव्हती ती काम अवघड नव्हतं म्हणून नव्हे. ते कुणी करायचं हे जन्माने ठरलेलं होतं, आणि जे काम दुसऱ्या कुणी करायचंच नाही त्यातलं अवघड दुसऱ्या कुणाला कळणार तरी कसं? त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' वाचा. लोहार, न्हावी, सगळे बलुतेदार त्यात आहेत. खळ्यावर वर्षाकाठी धान्याचा वाटा मिळायचा. पण वाट्याबरोबर पायरीही मिळायची, आणि ती बदलता यायची नाही. आज बलुतं गेलं. पायरी पूर्ण गेली असं म्हणायला मन धजत नाही.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "अरे, मग काय करावं? लोहाराची पोरं हा धंदा करत नाहीत. निदान तुझ्यासारखे चार जण करतात म्हणून कला टिकेल." मला हे पटत नाही. मामांचा मुलगा पुण्याकडे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेतो, पालात राहत नाही. त्याने ऐरणीशी परत यावं असं म्हणायचा मला काय अधिकार? मी वस्तरा केला म्हणून लोहारकी टिकत नाही. टिकतो तो वस्तरा, आणि तोही माझ्या न्हाणीघरात.

आणि ही जी 'परंपरा परंपरा' म्हणतात, तिच्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. धातूच्या परंपरेत आमचा जिल्हा मागे नाही हे खरं. संगमनेरजवळ जोर्व्याला १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली ओतली ती आमच्या नगरात. अभिमान वाटतोच. पण वस्तऱ्याची परंपरा एवढी चकचकीत नाही. याच वस्तऱ्याने आपल्याकडे विधवांचं केशवपन होत असे. दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा त्यातून सुटत नसत. धार उत्तम, हात उत्तम, पाणी अस्सल. काम ते.

आणि ते थांबवायला पहिल्यांदा संघटितपणे उभं कोण राहिलं? ज्यांच्या हातात वस्तरा होता तेच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि आम्ही विधवांचे केस कापणार नाही असं त्यांनी ठरवलं. (आडनाव लोखंडे, हा योगायोग.) लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांचं पोट यजमानांच्या मर्जीवर, त्यांनी यजमानांना नाही म्हणायचं, हे त्या काळात किती जड असेल याचा विचार करा. आपण वस्तरा म्हटलं की पोलादाबद्दल बोलतो, दगडांच्या नंबरांबद्दल बोलतो. वस्तऱ्याच्या इतिहासातली ही सभा मला कुठल्याही पोलादापेक्षा मोठी वाटते, आणि हौशी मंडळींच्या गप्पांत तिचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

तशीच दुसरी गोष्ट. वस्तरा केशकर्तनालयातून गेला याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. "काय ती दाढी व्हायची हो!" मला मुळीच हळहळ नाही. एकच वस्तरा, एकच पट्टा, सकाळपासून वीस गाल. रक्त लागलं की तुरटी फिरवायची, वस्तरा धोतराला पुसायचा. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली सापडले आणि त्यानंतर हळूहळू नवं पातं घालायचा आग्रह सुरू झाला. कावीळही रक्तातून पसरते हे लोकांना समजलं. आज न्हावी दोन धारांचं पातं मधोमध मोडून अर्धं पोलादी दांडीत बसवतो, दाढी झाली की टाकतो. दिसायला वस्तऱ्यासारखंच, पण प्रत्येक गालाला नवी धार. दोन-चार रुपयांचा तो तुकडा माझ्या सातही वस्तऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे, यात मला काडीचीही शंका नाही. धोपटी बाळगणाऱ्या जुन्या कारागिराचं कसब मोठं होतं म्हणून त्याची सवय निर्धोक होती असं होत नाही. घरी केलेला वस्तरा एकट्याने वापरायचा, तो दुसऱ्याच्या गालाला लावायचा नाही, हा माझा पक्का नियम.

मग बनवायचा कशाला? आता 'हौस' एवढं उत्तर पुरणार नाही. खरं सांगायचं तर एखादी गोष्ट किती अवघड आहे ते कळायला ती स्वतः करून बघण्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. पहिला वस्तरा झाल्यावर मी घासाघीस करायची बंद केली. लोहाराशीच नव्हे, चप्पल शिवणाऱ्याशी, कल्हईवाल्याशी, कुणाशीच. पुस्तकं वाचून श्रमाच्या प्रतिष्ठेवर मीही दोन-चार भाषणं ठोकली असती, पण दहा रुपये कमी करा म्हणायचं मात्र सोडलं नसतं. म्हणून तरुण पोरं विचारतात तेव्हा मी सांगतो, करा. जरूर करा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, शेजारी वाळूची बादली, आणि तेलाच्या भांड्याला घट्ट झाकण हवंच. दुपारी दोन ते चार ग्राइंडर लावू नका, अपार्टमेंट आहे. आणि सुरुवात गच्चीवर करू नका. आधी चार रविवार एखाद्या लोहाराकडे जाऊन बसा, आणि बसण्याचे पैसे द्या. एसी दुरुस्त करणारा घरी येऊन नुसता बघून जातो त्याचेसुद्धा आपण मुकाट्याने देतो.

विकायचं म्हणाल तर मी विकत नाही. यात त्याग वगैरे काही नाही, पोटापाण्याचा माझा धंदा वेगळा आहे. पण समजा विकायला काढले, तर दहा हजारांच्या त्या किमतीत पोलादाचे किती, माझ्या श्रमांचे किती आणि 'हाताने बनवलेलं' या शब्दाचे किती? तो शब्द मी ज्यांच्याकडून उचलला त्यांचा कोयता शंभराच्या नोटेला मागेपुढे होतो. विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त वस्तूबरोबर जी गोष्ट छापून देतात, आजोबांच्या काळातली कला वगैरे, त्यात आजोबा कुणाचे हेही लिहावं.

पाचवा वस्तरा झाला तेव्हा तो घेऊन मामांकडे गेलो होतो. त्यांनी आधी हात धुतले. मग धारेकडे न बघता पाठीकडे बघितलं, लांब धरून सरळ आहे का ते पाहिलं, आणि पात्यावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मामींनीही हातात घेऊन वजन केलं.

"पाणी कशाचं दिलं ओ ह्याला?"

"तेलाचं, मामा. शेंगदाण्याच्या."

"गोडंतेल?" मामी हसल्या. "आन् भाजीला काय घालता मग?"

मामांनी वस्तरा मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बरा झालाय. पण येवढ्या टायमात मी चाळीस कोयते काढले असते, साहेब." मग पंखा फिरवायला घेतला, कारण पाटा तापत आला होता.